चौथ्या प्लगला हात लावू नकोस

कोल्हापूर,
बुधवार

चि. ऋता हिस,


काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. अक्का जेवणं झाल्यावर कधी फोन करत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. आधी तिने पावसाचं विचारलं, मग मामीच्या गुडघ्याचं, आणि मग हळूच म्हणाली, "ऋतानं जिप्सीचे प्लग घरीच बदलले. मी टॉर्च धरून उभी होते. चौथा आवळताना कट्ट झालं रे."

त्यानंतर मला झोप लागली नाही.

आई उगाच घाबरते, असं म्हणू नकोस. तिच्या कानावर माझा स्वतःच्या कानापेक्षा जास्त भरवसा आहे, का ते पुढे सांगतो. आधी तू मला हे सांग: कट्ट झाल्यावर पाना जड लागला की एकदम सैल? नवा प्लग बसताना त्याचा वॉशर दबतो, तेव्हाही हाताला थोडी ढील जाणवते. पण ती मऊ असते, तिला आवाज नसतो. आवाज झाला याचे माझ्या हिशेबाने दोनच अर्थ. एक तर पाना तिरका होऊन प्लगची चिनीमाती तडकली. नाहीतर हेडमधले आटे ओढले गेले. पहिलं असेल तर एका प्लगवर भागेल. दुसरं असेल तर गाडी पार्किंगमधून हलवायची नाही. आणि तू म्हणे शनिवारी तैलबैलाला निघाली आहेस!

अगं, सपाट रस्त्यावर चारातला एक सिलिंडर बंद पडला तरी गाडी कुरकुरत घरी येते. पावसाळ्यातल्या त्या चिखलाच्या चढावर तसं होत नाही. लो गिअरमध्ये इंजिनावर ताण पडतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हाच तडकलेला प्लग दगा देतो. गाडी मिसिंग करायला लागते, ताकद जाते, ती थांबते आणि मागे यायला लागते. आटे गेले असतील तर त्याहून वाईट. दाबाने प्लग जागेवरून सुटून वर येतो आणि पेट्रोलची वाफ तापलेल्या इंजिनावर फवारली जाते. मी उगाच भीती घालत नाही. चौथा प्लग तपासल्याशिवाय शनिवारी कुठेही जायचं नाही.

मी खोदून विचारलं तेव्हा अक्काने बाकीचंही सांगितलं. तू ऑफिसातून आलीस आणि लगेच बॉनेट उघडलंस. म्हणजे इंजिन गरम. तुझी गाडी 2004 ची जिप्सी किंग, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तापलेल्या हेडमधून प्लग काढायला गेलं की आटे प्लगला धरून निघतात. रात्रभर थांबायचं, सकाळी हेडवर तळहात टेकवून बघायचा, थंडगार लागला तरच पाना लावायचा. एवढी कसली घाई होती?

शिवाय आट्यांना ती चंदेरी पेस्ट चोपडलीस. तुमच्या ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलं, पुढच्या वेळी प्लग सहज निघतो म्हणून. हल्लीच्या चांगल्या प्लगांना कंपनीचाच मुलामा असतो, त्यावर पेस्ट लागत नाही. उलट पेस्टने आटे गुळगुळीत होतात. हाताला वाटतं अजून बसला नाही, आणि प्लग गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवळला जातो. त्यावर तू "सेफ्टीसाठी" आणखी पाव फेरा दिलास. कुणाची सेफ्टी झाली त्यात?

वॉशरवाल्या 14 मिलिमीटरच्या प्लगला अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये 25 ते 30 न्यूटन मीटर पुरतात. टॉर्क रेंच नसेल तर बोटांनी पूर्ण बसेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, तोही नवा प्लग असेल तर. जुनाच परत लावत असशील तर त्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, पाना नुसता टेकवून इवलासा फिरवला की झालं. तुझ्या आजोबांच्या, आप्पांच्या काळात गॅरेजात पेट्रोलच्या जीपा यायच्या, विलिसच्या इंजिनाच्या. त्यांचं हेड बिडाचं. ते माणसाचा राग सोसायचं. जिप्सीचं हेड सोसत नाही.

चौथा प्लग फायरवॉलला चिकटून, खोल विहिरीत. तिथे एक्स्टेन्शन सरळ उभं राहत नाही, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच त्याची धास्ती वाटते. तिथे पाना सुरुवातीला वापरायचाच नाही. वीतभर रबरी नळी घे, पेट्रोलच्या लाइनची चालते. तिचं एक टोक प्लगच्या चिनीमातीवर घट्ट बसव आणि नळी धरून प्लग आत सोड. आधी हलकेच उलटा फिरव. आटे एकमेकांना भेटले की बोटांना बारीकसा टप्पा लागतो. मग सुलटा. सरळ बसत असेल तर नळीनेच चार-पाच फेरे सहज जातात. वाकडा चढत असेल तर नळी प्लगवर नुसती घसरते, जोर लागतच नाही, आणि आटे वाचतात. पाना असं सांगत नाही. तो वाकडा प्लगसुद्धा तितक्याच इमानाने आत घुसवतो.

जुने प्लग फेकले नाहीस ना? फेकले असशील तर आजच्या आज कचऱ्याच्या डब्यातून काढ. एक नंबर पुढचा, रेडिएटरकडचा, चार नंबर मागचा. ओळीने कागदावर मांड आणि मला फोटो पाठव. टोकाला फिकट बिस्किटी रंग असेल तर ते सिलिंडर ठणठणीत. कोरडी, मखमलीसारखी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, किंवा एअर फिल्टर धुळीने भरलाय. तुम्ही मे महिन्यात जिथे फिरता तिथे भरणारच. ओलं, तेलकट काळं असेल तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील. पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर मला लगेच फोन कर, कितीही वाजू देत. वरच्या टोकाला गंजही बघ. ओढ्यातून गाडी काढतेस, पाणी त्या विहिरींमध्ये साचतं आणि ठिणगी भलत्या वाटेने जाते. तुझा जुना चौथा प्लग काय सांगतो ते मला बघायचंय. नव्या चौथ्याला मात्र हात लावू नकोस. सैल करून बघते, परत आवळते, असलं काही नको.

हे सगळं रागाने लिहिलंय असं वाटेल. राग आहेच. पण अक्काने आणखी एक सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज बदलला. प्लग काढायच्या आधी तू सायकलच्या पंपाने चारी विहिरींमधली माती फुंकून काढलीस म्हणे. हे तुला कुणी शिकवलं? कसलेले मिस्त्रीसुद्धा हे विसरतात. त्या मातीतला एक खडा आत पडला तर सिलिंडरवर रेघ ओढतो, आणि ती परत बुजत नाही. वायर ओढताना वायरीला न धरता तिच्या टोकाचा रबरी बूट धरून पिळून काढलीस, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी लावलीस. 1-3-4-2 हा ठिणगीचा क्रमसुद्धा तू अक्काला म्हणून दाखवलास. ती फोनवर तो मला परत म्हणून दाखवत होती.

आता तिच्या कानाबद्दल. तू आप्पांना पाहिलं नाहीस. गॅरेज घराला लागूनच होतं. प्लग साफ करायचं काम आम्हा दोघांकडे; परसात बसून तारेच्या ब्रशाने काजळी काढायची, फीलर गेजने गॅप लावायची. माझा गॅप दर वेळी कमी-जास्त. अक्काचा गॅप आप्पा परत मोजायचेसुद्धा नाहीत. आवाजावरून ती आतूनच ओरडायची, "आप्पा, तिसरा मारत नाही." आणि तिसराच असायचा. ती नववीत गेली तेव्हा आप्पांनी तिला गॅरेजात यायला बंदी केली. मुलीच्या नखांत काळं दिसलं तर लोक काय म्हणतील, हे कारण. मी तिथेच उभा होतो. एक शब्द मी बोललो असतो तर आप्पांनी कदाचित ऐकलं असतं, मी त्यांचा लाडका होतो. बोललो नाही. गॅरेज मला मिळालं, कान तिचा होता. माझ्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी राहून गेल्या, त्यातली ही सगळ्यात जास्त आठवते.

म्हणून तू जिप्सी घेतलीस तेव्हा घरात सगळे नको म्हणत असताना मी गप्प बसलो नाही. आणि म्हणूनच "मिस्त्रीकडे टाक गाडी, तुला काय कळतं" असं तू माझ्या तोंडून कधी ऐकणार नाहीस. घरीच कर. सगळं कर. फक्त थंड इंजिनावर कर, आणि पहिली काही वेळा मला फोन लावून कर.

आटे गेलेच असतील तरी रडत बसू नकोस. ते नव्याने बसवता येतात. टॅप मारून आत हेलिकॉइल घालतात. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की कीस त्यात अडकतो, बराचसा आत पडत नाही. मन मानलं नाही तर हेड उतरवून इथे उद्यमनगरात घेऊन येऊ. या गावाने पिढ्यान्‌पिढ्या इंजिनंच केली आहेत. खर्चाचं तू बघू नकोस. तैलबैलाचे कडे पुढच्या शनिवारीही तिथेच असतील.

शुक्रवारी दुपारच्या एसटीने निघतो, रात्री स्वारगेटला उतरेन. न्यायला गाडी काढू नकोस, रिक्षाने येतो. मामी तुझ्यासाठी तांबड्या रश्श्याचा मसाला देते आहे. शनिवारी सकाळी चहा झाला की चौथा प्लग काढू. पाना आधी अक्काच्या हातात द्यायचा. ती नको म्हणेल, हात मागे घेईल, म्हणेल आता कुठे जमतंय. तरी द्यायचा.

टॉर्क रेंच बरोबर आणतोय. तो तुम्हा दोघींकडेच राहू दे.

तुझा,
मामा