शाखा का फुटत नाही? : आवृत्ती-नियंत्रणाचा एक पाठ

कोणताही मजकूर हाती आला की इतिहासाचा अभ्यासक विचारतो : हा कोणी लिहिला, केव्हा बदलला आणि का बदलला? संगणकातील आवृत्ती-नियंत्रण प्रणाली याच तीन प्रश्नांची उत्तरे जपून ठेवते. त्यांपैकी ‘गिट’ ही प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी निर्माण केली.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने भाषणातील काही मजकूर बदलण्याचा आग्रह धरला, तेव्हा बाबासाहेबांनी नकार दिला. परिषद रद्द झाली; पण ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ मध्ये स्वखर्चाने छापून निघाले. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका आणि तिला दिलेले उत्तर परिशिष्टात आले. आपला जातिविषयक जुना निबंध या ग्रंथात गुंफण्याचा मानस होता, परंतु वेळेअभावी ते जमले नाही, असे त्यांनी १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नमूद केले. काय बदलले आणि काय बदलता आले नाही, दोन्हींची नोंद तेथे आहे.

आपले माजी विद्यार्थी आज गावोगावच्या भीमगीतांच्या वह्या टंकलिखित करू लागले आहेत. वहीत वऱ्हाडी शब्द असतो. टंकणारा तो ‘शुद्ध’ करून टाकतो आणि आजीचा शब्द कायमचा हरवतो. यावर उपाय एकच : वहीबरहुकूम पाठ मुख्य शाखेत ठेवावा आणि प्रमाण भाषेतील पाठासाठी वेगळी शाखा काढावी. शाखा म्हणजे मजकुराची दुसरी प्रत नव्हे; ती एका विशिष्ट नोंदीकडे दाखविणारी खूण असते. एवढे ध्यानात ठेवले की पुढील अडचणी उलगडतात. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकावयाच्या असतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

१. पहिली नोंदच नसणे. कोऱ्या संग्रहात ‘गिट ब्रँच’ ही आज्ञा नाकारली जाते, कारण खूण ज्याच्याकडे दाखवील असे काहीच तेथे नसते. आधी मूळ पाठाची एक नोंद, म्हणजे कमिट, करावी; मग शाखा काढावी.

२. नावातील दोष. नावात मोकळी जागा चालत नाही. ‘प्रमाण पाठ’ असे लिहिल्यास ‘पाठ’ हा शब्द आरंभबिंदू समजला जातो आणि तो सापडत नाही. ‘प्रमाण-पाठ’ असे जोडून लिहावे. प्रश्नचिन्ह, तारांकन, विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम हेही वर्ज्य आहेत.

३. दिसायला एक, प्रत्यक्षात दोन. ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्य’ वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या संकेतांनी उमटू शकतो. डोळ्यांना नाव तेच दिसते, पण संगणक ‘अशी शाखा नाही’ म्हणतो. अशा वेळी शाखांच्या यादीतून नाव नकलून घ्यावे. शक्यतो साधी अक्षरे असलेलीच नावे ठेवावीत.

४. नावांचा संघर्ष. ‘गीते’ नावाची शाखा असताना ‘गीते/पुसद’ ही शाखा काढता येत नाही. तिरप्या रेषेमुळे ‘गीते’ हे फडताळ ठरते, आणि एकच नाव वहीचे व फडताळाचे असू शकत नाही. जुन्या शाखेचे नाव बदलावे, उदाहरणार्थ ‘गीते/मुख्य’.

५. शाखा फुटली, पण आपण मुख्य शाखेवरच. ‘गिट ब्रँच’ शाखा निर्माण करते, आपल्याला तिच्यावर नेत नाही. तेथे जाण्यासाठी ‘गिट स्विच’ ही आज्ञा द्यावी लागते. हा सर्वांत घातक प्रकार होय, कारण येथे संगणक कोणतीही तक्रार करीत नाही आणि सुधारलेला पाठ मुख्य शाखेत जाऊन बसतो. म्हणून लेखनापूर्वी ‘गिट स्टेटस’ने आपण कोठे आहोत ते पाहावे. चूक झालीच, तर घाबरू नये. आधीची नोंद पुसली गेलेली नसते, तिच्यावरून वहीतील पाठ परत मिळतो.

६. चुकीच्या जागी फुटवा. आरंभबिंदू सांगितला नाही, तर आपण उभे असू तेथूनच शाखा निघते. सहकाऱ्यांचे ताजे काम आधी उतरवून घ्यावे. तसेच नवी शाखा आपल्याच यंत्रावर असते. ‘गिट पुश’ केल्याशिवाय पुण्यातील मित्राला उमरखेडची शाखा दिसणार नाही.

प्रत्येक नोंदीसोबत दोन ओळींचे कारण लिहावे : कोणती वही, कोणते गाव, कोणता शब्द बदलला व का. शतकानुशतके आपल्या समाजाविषयी इतरांनी लिहिले. आपला शब्द कोणी व केव्हा बदलला याचा पुरावा आपल्याजवळ नव्हता. आता तो ठेवण्याचे साधन आहे. सुटीत गावी जाणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने घरातील एक वही, आहे तशी, प्रथम नोंदवावी, शाखा त्यानंतर.