पिंजऱ्यातील राघू

पोपट हा पक्षी कोणाच्या परिचयाचा नाही? हिरवागार देह, लालचुटूक बाकदार चोच आणि लांब निमुळती शेपटी यांमुळे तो दुरूनही ओळखू येतो. नराच्या गळ्याभोवती काळ्या व गुलाबी रंगाचे वलय असते. मादीला ते नसते. राघू, रावा, कीर, शुक अशी त्याची कितीतरी नावे आपल्या भाषेत रुळली आहेत. परंतु ज्याला माणसाने इतक्या कौतुकाने हाका मारल्या, त्यालाच त्याने तारांच्या पिंजऱ्यात कोंडूनही ठेवले. हे कौतुक न्यायाचे आहे काय, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर हे गाव आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन ही या भागातील मुख्य पिके. अशा गावच्या शिवारात दिवस उजाडताच राघूंचे थवे कलकलाट करीत चाऱ्यासाठी बाहेर पडतात आणि सांजवेळी एखाद्या मोठ्या झाडावर सारे एकत्र वस्तीला येतात. शेतकऱ्याला मात्र त्यांचे फारसे कौतुक नसते. ज्वारीची कणसे आणि बागेतील पेरू हे राघूचे आवडते खाद्य. त्यातही तो खातो थोडे आणि नासाडी करतो फार. म्हणून राखणदार गोफण फिरवितो, डबे वाजवितो. शेतकरी आणि राघू यांचा हा झगडा पुरातन आहे, पण तो उघड्यावरचा आहे. शेतकरी राघूला शेतातून हाकलतो; त्याचे आकाश हिरावून घेत नाही. ते हिरावून घेतो तो राघूवर माया करणारा माणूस!

राघू स्वतः घरटे बांधीत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत तो संसार थाटतो. हिवाळा सरतासरता मादी तेथे चार ते सहा अंडी घालते. पिले जन्मतात तेव्हा उघडी आणि आंधळी असतात. नर व मादी त्यांना चारा भरवितात. पंख फुटण्यापूर्वीच पारधी ढोलीत हात घालून ती उचलून नेतो. हात आत शिरावा म्हणून ढोलीचे तोंड पुष्कळदा फोडले जाते आणि मग ती ढोली पुढील वर्षी निरुपयोगी होते. टोपल्यांत दाटीवाटीने भरलेली ही पिले दूरदूरच्या गावी नेली जातात. कित्येक वाटेतच मरतात. जे उरते, त्याची पिसे कातरली जातात आणि ते आपल्या ओसरीवर येऊन टांगले जाते. बाजारातील एका राघूमागे अशी न दिसणारी मरणे असतात.

यावर कोणी म्हणेल, “गाय, बैल, कुत्रा यांनाही आपण पाळतोच. मग राघूनेच काय केले?” हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु गाय व कुत्रा हे हजारो वर्षांच्या सहवासाने माणसाळलेले प्राणी आहेत. त्यांच्या कित्येक पिढ्या माणसाच्या अंगणात जन्मल्या. पिंजऱ्यातील राघूचे तसे नाही. तो बहुधा रानातल्या ढोलीतूनच आणलेला असतो. त्याचे आईबाप आजही मुक्त असतात. दुसरा आक्षेप असा, की पिंजऱ्यात त्याला आयते अन्न मिळते आणि शिकऱ्याचे भय नसते. हेही खरे आहे. पिंजऱ्यातील राघू वीस-पंचवीस वर्षेसुद्धा जगतो. परंतु जो पक्षी दिवसाकाठी कोसच्या कोस उडतो, त्याला दीड हाताच्या जागेत वीस वर्षे काढावयास लावणे याला सुख म्हणता येईल काय? एकाकी पडलेला पोपट पुष्कळदा स्वतःचीच पिसे उपटू लागतो. आपले दुःख सांगण्यास त्याच्याजवळ दुसरी भाषा नसते.

आणि तो बोलतो त्याचे काय? राघू थव्यात राहणारा पक्षी आहे. पिलू आपल्या थव्याचे आवाज ऐकून ते उचलते. त्यायोगे ते थव्यातील एक होते. पिंजऱ्यात आल्यावर त्याला थवा राहत नाही. मग घरातील माणसांनाच तो आपला थवा मानतो आणि त्यांचे आवाज काढू लागतो. ज्या गुणासाठी आपण त्याला कोंडतो, तो गुणच त्याला सोबतीची किती ओढ आहे हे सांगत असतो.

२०१५ साली चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एक नवलाची घटना घडली. एका वृद्ध स्त्रीने पोलिसांकडे तक्रार केली, की नात्यातील माणसाने पढविलेला पोपट तिला पाहताच शिव्या देतो. पोलिसांनी पोपटालाच ठाण्यात आणविले. तेथे त्या वृद्धेला त्याच्यासमोर उभे केले. पण त्याने तोंडातून अवाक्षर काढले नाही! अखेर त्याला वनविभागाच्या स्वाधीन करण्यात आले. ही हकीकत ऐकून लोक हसले. परंतु विचार केला तर त्यात हसण्यासारखे थोडेच आहे. तक्रार खरी असो वा नसो, पोपटाला ना शिवी कळत होती, ना आरोप. माणसांच्या भांडणात एक मुका साक्षीदार तेवढा ओढला गेला होता.

संत ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट पकडण्याच्या नळीचा दृष्टान्त दिला आहे. नळीवर पोपट बसला की त्याच्या भाराने ती फिरते आणि तो उलटा लोंबकळतो. पाय सोडले तर तो सहज उडून जाईल; परंतु आपण बांधलो गेलो या भ्रमाने तो नळी अधिकच घट्ट धरतो. स्वतःच स्वतःला बांधून घेणाऱ्या माणसाचे हे चित्र आहे. पिंजऱ्यातील राघूची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याने काहीच धरलेले नाही. येथे मूठ आवळलेली आहे ती माणसाची.

आपल्या देशाच्या कायद्यानेही ही मूठ सैल करावयास सांगितले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये देशी पोपट पकडणे, विकणे वा विकत घेऊन बाळगणे हा गुन्हा असून त्यास कारावासाची व दंडाची तरतूद आहे. पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, असे मत दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१५ साली नोंदविले.

तथापि कायदा सांगतो म्हणून सारेच सोपे होते असे नाही. एखाद्या घरी एकाकी आजीबाई असते. दिवसभर तिला हाक मारणारा तो एक राघूच असतो. तिची माया खोटी कशी म्हणावी? ती खरीच असते. परंतु मायेची कसोटी आपल्याला किती आनंद होतो यावर लागत नाही. ज्याच्यावर माया करावयाची त्याचे हित कशात आहे, यावर लागते. आजीला सोबत हवी हे खरे. पण ती सोबत देण्याचे काम घरातील मुलामाणसांचे आहे, कोंडलेल्या पाखराचे नव्हे.

येथे एक सावधगिरी मात्र पाळली पाहिजे. दया आली म्हणून पिंजऱ्याचे दार एकदम उघडू नये. कातरलेली पिसे झडून नवी येण्यास बराच काळ लागतो. माणसाच्या हातून वाढलेल्या राघूला चारा शोधता येत नाही, शत्रू ओळखता येत नाही. असा पक्षी बाहेर पडताच कावळ्याच्या वा मांजराच्या तोंडी जातो. म्हणून त्याला वनविभागाच्या हवाली करावे. त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. वर्ध्याजवळ पिपरी येथे करुणाश्रम, तर नागपुरास सेमिनरी हिल्स येथे वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र आहे. अशा ठिकाणी पक्ष्याची शुश्रूषा होते आणि तो उडण्याजोगा झाला तरच त्याला सोडले जाते. जो उडूच शकत नाही, त्याचा निदान सांभाळ तरी नीट होतो.

राघूची संगत हवी असेल तर त्याला घरी आणण्याची आवश्यकता नाही. जुनी, ढोलीची झाडे राखावी. परसात पेरूचे एखादे झाड लावावे आणि त्यावरची चार फळे त्याच्यासाठी सोडावी. तो येईल, खाईल, अर्धे फळ खाली टाकील आणि ओरडत निघून जाईल. त्याचे हे निघून जाणे ज्याला आनंदाने पाहता येते, त्यालाच पाखरांवर प्रेम करता येते.

स्वाध्याय
१. शेतकरी आणि पोपट पाळणारा यांच्या वागण्यातील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. गाय पाळणे आणि राघू पाळणे यांत कोणता भेद आहे?
३. पिंजऱ्याचे दार एकदम उघडणे योग्य का नव्हे?
४. ‘येथे मूठ आवळलेली आहे ती माणसाची’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. तुमच्या शेजारच्या आजींना आपला राघू वनविभागाच्या हवाली करणे जड जात आहे. त्यांच्याशी तुम्ही काय बोलाल, ते आठ-दहा ओळींत लिहा.