आदर्श समाज आणि शेवटची बांधी



आदर्श समाज म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भांडणतंटा नसलेले गाव येते. आम्हांला मात्र हे चित्र पुरेसे वाटत नाही. दुबळ्याने तोंड उघडायचेच नाही असे जिथे ठरलेले असते, तिथेही भांडण नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाचे उत्तर १९३६ मध्ये लिहून ठेवले आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी त्यांनी अध्यक्षीय भाषण तयार केले. त्यातील विचार आयोजकांना झेपले नाहीत, परिषद रद्द झाली, आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच छापले. आपला आदर्श समाज स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर उभा असेल, असे त्यांनी त्यात सांगितले. बंधुतेचा त्यांनी लावलेला अर्थ नीट समजून घ्यावा. समाजाच्या एका भागात झालेला बदल दुसऱ्या भागापर्यंत पोहोचला पाहिजे, त्यासाठी वाटा हव्यात, माणसांचा एकमेकांशी मोकळा संबंध हवा.

भाताच्या शेतीत वाढलेल्या आपल्याला हे लवकर कळावे. तलावाचे पाणी पाटाने येते आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरते. वरच्याने धुऱ्याचे तोंड बुजवले तर खालचे धान वाळते. तलाव भरलेला असला तरी त्याचा उपयोग नाही.

१९५४ मध्ये बाबासाहेब आपल्याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. त्यानंतर बावन्न वर्षांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या झाली. शेतजमिनीचा वाद जुना होता. त्यातच मारहाणीच्या एका प्रकरणात त्या आईने साक्ष दिली होती. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. ॲट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही ठिकाणी लागू झाला नाही, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. घरात मागे उरलेले भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये वारले.

कायद्याचे काम न्यायालयाचे. आपल्यापुढचा प्रश्न शेजाराचा आहे. त्या गावात घरे होती, माणसे होती, एकमेकांची नावे ठाऊक होती. तरी त्या चौघांचा जीव वाचला नाही.

प्रभू येशूने सांगितलेल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०:२५-३७) जखमी माणसाला पाहून याजक दुसऱ्या बाजूने निघून जातो. तो मारेकरी नव्हता, हे खरे. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात एक अख्खे प्रकरण या दाखल्याला दिले आहे.

दोष दुसऱ्या गावावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा आपल्या चर्चमध्येही जातिभेद उरला आहे हे कबूल केले. म्हणून या आठवड्याच्या कुटुंब-प्रार्थनेत लूकचा उतारा वाचून पुढील प्रश्नांवर बोलावे. लहान मुलांनाही बोलू द्यावे, ती खरे सांगतात.

आपल्या घरी गेल्या वर्षभरात जेवायला कोण कोण आले? त्यांत आपल्या जातीबाहेरचे किती? मुलामुलीचे स्थळ पाहताना पहिला प्रश्न कोणता विचारला? आपल्या वस्तीत उद्या कोणी साक्ष द्यायला उभे राहिले, तर त्याच्या दारात आपल्यापैकी कोण जाऊन बसेल?