पाय टेकवण्यापुरती जमीन

पहाटेच जाग यायची ती छातीत धडधड घेऊन, आणि दिवसभर कशातच जीव रमायचा नाही. चिंता आणि नैराश्य दोन्ही आहे, असं मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं आणि एस्सिटालोप्राम सुरू केलं. त्या गोळीच्या सोबतीने जे शिकले, ते या वाटेवर नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी.

१. आधी रक्त तपासा, मग नाव द्या.
थायरॉइड मंदावलं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ घटलं, तरी माणूस असाच थकतो, उदास होतो. माझ्या डॉक्टरांनी या तपासण्या आधी करायला लावल्या. शिवाय, कधी झोपेविनाही अंगात उत्साह मावेनासा व्हायचा का, हेही विचारलं. असा इतिहास असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि मग नुसतं नैराश्याचं औषध उलटू शकतं. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर आपण होऊन सांगावं.

२. पहिले दोन आठवडे नेटाने काढायचे.
औषध ५ मिलिग्रॅमपासून सुरू झालं, पुढे १० झालं. आधी आला तो त्रास: मळमळ, तोंडाला कोरड, आणि चक्क वाढलेली घालमेल. तव्यावरच्या पोळीचा वाससुद्धा नको व्हायचा. जेवणानंतर गोळी घेतल्यावर पोट हळूहळू शांत झालं. गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, हे आधी माहीत होतं म्हणून मी टिकले. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तेव्हा घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं आणि तसं काही जाणवलं तर लगेच डॉक्टरांना गाठावं.

३. फरक आधी घरच्यांना दिसतो.
एका संध्याकाळी मेथी निवडत बसले होते. मुलीने टीव्हीचा आवाज बारीक केला आणि म्हणाली, "आई, किती दिवसांनी गुणगुणतेयस!" मला पत्ताच नव्हता. औषधाने आनंदाचं भरतं आलं नाही. भाजी निवडणं पुन्हा नुसतं भाजी निवडणं झालं, डोंगर राहिलं नाही.

४. दोन गोळ्यांची गल्लत करू नका.
सुरुवातीला झोपेसाठी क्लोनाझेपामही मिळालं होतं, पण थोड्याच दिवसांपुरतं, कारण त्याची सवय लागते. एस्सिटालोप्रामची तशी तलफ येत नाही. मात्र ते अचानक बंद केलं तर गरगरतं, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. म्हणून ते सोडायचं डॉक्टरांच्या सल्ल्याने, मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करत. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी ते चालू ठेवतात, म्हणजे आजार उलटण्याचा धोका कमी होतो.

५. संकोच दाराबाहेर ठेवा.
या औषधाने शरीरसंबंधाची इच्छा कमी होऊ शकते. अनेक जण ते मनात ठेवतात आणि गुपचूप गोळी बंद करतात. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. मात्रा बदलता येते, औषधही बदलता येतं. हाच संकोच इतर डॉक्टरांसमोरही नको: दातांच्या डॉक्टरांपासून सगळ्यांना या गोळीबद्दल सांगा. इबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि ट्रामाडॉलबरोबर तर विशेष जपावं लागतं.

६. उरलेलं काम आपलं.
गोळीने मला पाय टेकवण्यापुरती जमीन दिली, चालायचं मलाच होतं. समुपदेशनात मी एक वही सुरू केली: मनात काय आलं, त्याला पुरावा काय, दुसरं काय असू शकेल. धडधडत्या छातीने ती वही लिहिणं आधी शक्यच नव्हतं. औषध आणि समुपदेशन यांची जोडी म्हणूनच मला मोलाची वाटते.

७. घरात एकाला तरी सांगा.
सासूबाईंना सांगताना माझा घसा कोरडा पडला होता. त्यांनी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन फक्त विचारलं, "जेवणाआधी घ्यायची की नंतर?" त्या दिवसापासून गोळी माझी एकटीची राहिली नाही.

८. मदत मागणं हा आपला हक्क आहे.
२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक द्यायला हवी. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. कुणाच्या सांगण्यावरून गोळी सुरू करू नका, तशी कुणाच्या सांगण्यावरून बंदही करू नका. पण भीतीपोटी तज्ज्ञांकडे जायचं टाळत असाल, तर या आठवड्यातच वेळ घ्या. बरं होता येतं, हे मी अनुभवाने सांगते आहे.