लाकडी नौकेचा तोल

मृगाच्या सरी कोसळल्या आणि अंगणातून पाण्याचे ओहोळ धावू लागले, की घरोघरी कागदाच्या होड्या तयार होतात. त्यांचे आयुष्य ते केवढे! चार हात पुढे गेल्या न गेल्या तोच भिजून त्यांचा लगदा होतो. लाकडाच्या होडीचे तसे नाही. तिला श्रम अधिक पडतात. पण नीट घडविलेली एक होडी अनेक पावसाळे सोबत करते.

लाकूड पाण्यावर तरंगते हे सर्वांस ठाऊक आहे. तथापि प्रत्येक लाकूड तरंगतेच असे नाही. खानदेशच्या रानांत वाढणाऱ्या अंजनाचे लाकूड इतके जड, की त्याचा तुकडा पाण्यात टाकताच तळ गाठतो. शिसव तरंगते खरे, परंतु आपले बहुतेक अंग पाण्याखाली ठेवून. होडीसाठी हलके व मऊ लाकूड हवे. पांगारा त्या कामी उत्तम. सावंतवाडीची रंगीत खेळणी पूर्वापार ज्या लाकडाची होत आली, ते हेच. सावरीचे लाकूडही चालते. मात्र ठोकळा पुरता वाळलेला असावा. ओल्या लाकडाची होडी वाळताना तडकते आणि सारी मेहनत फुकट जाते.

पंचवीस सेंटिमीटर लांब, आठ सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर जाड असा ठोकळा पुरेसा होतो. त्याच्या माथ्यावर प्रथम बरोबर मधोमध एक सरळ रेघ आखतात. मग कागद उभा दुमडून त्यावर होडीची अर्धीच आकृती काढावयाची, ती कातरावयाची आणि कागद उलगडून त्या रेघेवर बसवावयाचा. असे केल्याने दोन्ही अंगे हुबेहूब सारखी येतात. नुसत्या नजरेवर विसंबणाऱ्याची एक बाजू हटकून फुगीर होते. पुढचे टोक, म्हणजे नाळ, निमुळते असावे; मागचा भाग थोडा रुंद असला तरी चालेल. करवतीने बाहेरचे कोपरे कापून, पटाशीने तासून, मग कानस व काचकागद फिरविला की बाह्य आकार पुरा होतो.

आतला भाग कोरणे हे खरे जिकिरीचे काम. ठोकळा घट्ट बसवलेला असावा आणि पटाशीची धार कधीही दुसऱ्या हाताच्या दिशेने नसावी. काठ करंगळीएवढे जाड राहिले म्हणजे पुरे. अधिक पातळ करण्याच्या हौसेने पुष्कळ होड्यांना ऐन शेवटी भोक पडते. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावे लागतात, कारण कोरे लाकूड पाणी पिते आणि जड होत जाते.

आता घंगाळात पाणी भरून होडी सोडावी. ती एका अंगास कलली, तर त्या अंगाचे लाकूड अधिक जड राहिले असे समजावे, आणि ते आतून हलके हलके तासावे. बाहेरून तासू नये. तसे केल्यास आकारच बिघडतो.

होडी समतोल तरंगू लागली, की उंच डोलकाठी आणि मोठे शीड उभारण्याची घाई होते. पहिलीच झुळूक येते आणि आतापर्यंत शहाण्यासारखी वागणारी ती होडी पाण्यात आडवी होते. होडीस भोक नाही, लाकूडही हलके. मग ती उलटली का?

होडीचे सर्व वजन एका बिंदूतून खाली ओढत असते असे मानता येते. पाणी तिला वर रेटत असते. होडी कलली, की खाली गेलेली बाजू अधिक पाणी बाजूला सारते. त्यामुळे पाण्याचा रेटा त्या बाजूस सरकतो आणि होडीला पुन्हा उभी करू पाहतो. वजन तळाशी असेल, तर हा रेटा जिंकतो. वजन वर असेल, तर कलताच तेही त्याच बाजूस झुकते, आणि रेट्याच्याही पलीकडे गेले की होडीला उलटवते. याची परीक्षा सोपी आहे. मूठभर खडे होडीच्या तळाशी पसरून पाहावे, आणि मग तेच खडे डोलकाठीच्या टोकाशी पुरचुंडी करून बांधून पाहावे! पहिल्या खेपेस होडी डुलते, पण सावरते. गलबताच्या तळाशी असे जे वजन घालतात, त्यास दर्यावर्दी लोक नीरम म्हणतात. छोट्या होडीच्या तळाला बाहेरून लोखंडाची एक पट्टी ठोकली तरी तेच काम होते. कोकणातील अरुंद होड्यांची युक्ती निराळी आहे: त्यांच्या एका अंगास, थोड्या अंतरावर, लाकडाचा एक तरंगता ओंडका आडव्या दांड्यांनी बांधलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात.

हे न साधल्याने काय घडते, ते स्वीडन देशाने १६२८ साली पाहिले. तेथील राजाने ‘वासा’ नावाची प्रचंड युद्धनौका बांधविली. तिच्यावर तोफांचे दोन मजले होते आणि एकूण ६४ तोफा होत्या. तळाशी सुमारे १२० टन दगड भरले होते; पण वरचा डोलारा पाहता ते अपुरे होते. जहाज निघण्यापूर्वी तीस माणसांना त्याच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत धावावयास लावले. तीन फेऱ्यांतच ते इतके डोलू लागले, की परीक्षाच थांबवावी लागली. दोष दिसला होता. परंतु राजा युद्धासाठी दूर होता आणि जहाज लवकर पाठवा म्हणून निकड लावीत होता. १० ऑगस्ट रोजी ‘वासा’ स्टॉकहोमच्या बंदरातून निघाले, जेमतेम १,३०० मीटर गेले, आणि वाऱ्याच्या एका झोतासरशी कलून तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी घेत बुडाले. सुमारे तीस माणसे मेली. चौकशी झाली; शिक्षा कोणासही झाली नाही. ते जहाज १९६१ साली समुद्रतळावरून वर काढण्यात आले.

त्या काळी जहाजाचा तोल आधी गणिताने काढण्याची रीत नव्हती. कारागीर अनुभवाच्या मापांवर चालत. लहान नौकेवरून मोठीचे वर्तन ओळखण्याचा मार्ग पुढे इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड याने घालून दिला. त्याचा प्रश्न तोलाचा नव्हता, पाण्याच्या अडथळ्याचा होता. १८६७ साली त्याने डार्ट नदीत ‘स्वॉन’ आणि ‘रेव्हन’ या दोन घाटांच्या, तीन, सहा व बारा फूट लांबीच्या नौका ओढून पाहिल्या. प्रतिकृती जहाजाच्याच वेगाने ओढणे चुकीचे, हे त्याने दाखविले. जहाज १०० मीटरचे आणि प्रतिकृती ४ मीटरची, म्हणजे पंचविसावा हिस्सा. तर वेग पाचवा हिस्सा घ्यावा. ताशी २० किलोमीटर जाणाऱ्या जहाजासाठी प्रतिकृती ताशी ४ किलोमीटरने ओढली, की दोघांभोवती लाटांचा आकार सारखाच उठतो. १८७२ साली टॉर्की येथे त्याने याच कामासाठी सुमारे ८५ मीटर लांबीचा हौद बांधला. तेथील नौका लाकडाच्या नव्हत्या, मेणाच्या होत्या. एखादा घाट पसंत पडला नाही, की तेच मेण वितळवून त्यातून दुसरी नौका ओतली जाई.