कवटीचे चिन्ह असलेला प्रवासी पतंग

युरोपातील खेड्यांतून रात्रीच्या वेळी हा पतंग दिव्याकडे येताच पूर्वी लोकांच्या मनात धडकी भरत असे. त्याच्या वक्षाच्या पृष्ठभागावर मानवी कवटीसारखी पिवळसर आकृती असते आणि त्यास पकडले असता तो चिरकतो. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मध्ये त्यास 'ॲट्रोपॉस' हे नाव दिले. ग्रीक पुराणांत आयुष्याचा धागा तोडणाऱ्या देवतेचे हे नाव होय. वस्तुतः हा पतंग मनुष्यास चावत नाही व दंशही करीत नाही. त्याचे खरे नवल त्याच्या प्रवासात आहे.

हॉक मॉथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पतंगांच्या कुळात याची गणना होते. मादी बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पानांवर अंडी घालते. अळी सुमारे १२ सेंटिमीटरपर्यंत वाढते. तिच्या शेपटाकडे एक शिंग असते. पूर्ण वाढ झाल्यावर ती जमिनीत शिरून कोशावस्था धारण करते. कोशातून बाहेर पडणाऱ्या पतंगाचे पंख पसरले असता त्यांचा विस्तार १३ सेंटिमीटरपर्यंत भरतो.

याची सोंड आखूड परंतु बळकट असते. मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून तो सोंडेने मध शोषतो. त्याच्या अंगावरील चार मेदाम्ले मधमाश्यांच्या अंगावरील मेदाम्लांशी जुळतात, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. या गंधसाम्यामुळे माश्यांस तो सहसा परका वाटत नाही. त्याचा आवाजही सोंडेशीच संबंधित आहे: तो सोंडेवाटे हवा आत ओढतो व बाहेर सोडतो, तेव्हा हा ध्वनी उमटतो.

आता त्याच्या प्रवासाकडे वळू. आल्प्स पर्वताच्या उत्तरेकडील कडक हिवाळ्यात त्याचे कोश सहसा टिकत नाहीत. तरीही वसंत ऋतूत आफ्रिका व भूमध्य समुद्राकडील प्रदेशांतून पतंग तेथे येतात आणि प्रजोत्पादन करतात. शरद ऋतूत दक्षिणेकडे निघते ती त्यांची पुढील पिढी होय. तिने ती वाट पूर्वी कधीच पाहिलेली नसते. मग तिला दिशा कोण दाखवितो? वाऱ्याने वाहून नेलेल्या पाचोळ्याप्रमाणे कीटक भरकटत जात असावेत, असा तर्क अनेक जण करीत.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने या तर्कास उत्तर दिले. जर्मनीतील कॉन्स्टान्स येथे शास्त्रज्ञांनी अळ्यांपासून पतंग वाढविले, १४ पतंगांवर चिमुकले रेडिओप्रेषक बसविले आणि रात्री लहान विमानातून त्यांचा माग काढला. काहींचा माग चार तासांपर्यंत व ८० किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत लागला. पतंग आल्प्सच्या दिशेने सरळ रेषेत उडत होते. वारा अनुकूल असता ते उंचावरून जात. तो प्रतिकूल झाला म्हणजे जमिनीलगत उतरून अधिक वेगाने उडत आणि आपली दिशा राखीत. अर्थात ते वाऱ्याचे अंकित नव्हते. दिशा ओळखण्याचे साधन त्यांच्या ठायी जन्मतःच असले पाहिजे, असे यावरून अनुमान निघते.

या पतंगाचा एक भाईबंद, 'ॲकेरॉन्शिया स्टिक्स', आपल्या देशातही आढळतो. त्याची अळी तिळाची पाने खाते आणि त्याच्याही पाठीवर कवटीसदृश चिन्ह असते. तिळाच्या शेतात शिंग असलेली अशी जाडजूड अळी दृष्टीस पडल्यास विद्यार्थ्यांनी दचकून मागे सरू नये. ती कोणते पान खाते, तिचा रंग कोणता, ती मातीत केव्हा शिरते, याची वहीत नोंद करावी. शकुन-अपशकुनाच्या समजुतीने शतकानुशतके जे दडवून ठेवले, ते एका चिमुकल्या प्रेषकाने व धीराच्या निरीक्षणाने उघड केले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.