खेकड्याची नांगी

दुष्फेन पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि कापडाला रंग सारखा चढत नाही. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचा तो उपद्रव होय. रंगाईतील ही अडचण दूर करण्याच्या खटपटीत फर्डिनांड म्युन्त्स या रसायनज्ञाने १९३५ च्या सुमारास एक नवे अम्ल तयार केले. त्याचे नाव एथिलीन डायअमाइन टेट्राॲसिटिक अम्ल. व्यवहारात त्याला ‘ईडीटीए’ एवढेच म्हणतात.

या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आणि ॲसिटिक अम्लाचे चार गट असतात. धातूचा आयन समीप येताच हे सहाही हात त्याला चोहोबाजूंनी विळखा घालतात. अशा पकडीला ‘कीलेट’ ही संज्ञा आहे. खेकड्याच्या नांगीला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून ती आली. (खेकड्याला नांग्या दोनच असतात, ही गोष्ट वेगळी!) पकडलेला धातू पाण्यात विरघळलेलाच राहतो, परंतु त्याचे नेहमीचे गुण प्रकट होत नाहीत.

ईडीटीएचा एक रेणू धातूचा एकच आयन धरतो. यामुळे पाण्याचा दुष्फेनपणा मोजण्याची सुटसुटीत रीत हाती आली. दर्शक घातलेल्या पाण्यात ब्युरेटमधून ईडीटीएचे द्रावण थेंबथेंब सोडतात. द्राक्षारसासारखा तांबडा रंग जाऊन निळा आला की हिशेब पुरा झाला.

रक्त गोठण्यासाठी कॅल्शियम आवश्यक असते. म्हणूनच तपासणीचे रक्त ज्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात, तीत ईडीटीएचे लवण असते. नळीत जे इष्ट, तेच शरीरात प्राणघातक ठरू शकते. शिशाच्या विषबाधेवर ईडीटीए देतात ते आधीच कॅल्शियमने युक्त असलेले. शिशाशी होणारा बंध कॅल्शियमच्या बंधाहून कोटीपेक्षा अधिक पटींनी बळकट असल्याने शिसे कॅल्शियमची जागा घेते आणि मूत्रावाटे बाहेर पडते. कॅल्शियमरहित डायसोडियम लवण मात्र रक्तातील कॅल्शियमच ओढून घेते, आणि हृदय बंद पडू शकते. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात ईडीटीए शिरेवाटे दिल्यानंतर तिघे असे दगावले. त्यांपैकी दोन बालके होती. दोन्ही लवणांच्या नावांत फरक केवळ एका शब्दाचा आहे.

योग्य लवणही शरीरातील जस्त बाहेर नेते व अधिक मात्रेत मूत्रपिंडांना अपाय करते. त्यामुळे उपचार चालू असताना रुग्णाच्या रक्ताची व लघवीची तपासणी करीत राहावी लागते.